सरकारचं भांडं

बोरझरीत पाऊस मोजायचं यंत्र आलं आणि त्याच साली पावसानं गावाकडे पाठ फिरवली. यात यंत्राचा काही दोष नव्हता. पण गावाला कोणाच्या तरी नावानं बोटं मोडायला हवीच असतात, आणि देवाच्या नावानं मोडायची भीती वाटते.

प्रभाकरराव मास्तरांना मात्र यंत्र आलं त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं. वरच्या कचेरीनं पाऊस मोजायचं काम त्यांच्याकडे दिलं होतं. शाळेच्या आवारात मोठा कडुनिंब, आणि असल्या यंत्राला जवळपास झाड चालत नाही. म्हणून ते शाळेमागे अनुसयाबाईच्या मोकळ्या परसात बसवलं. यंत्र म्हणजे तरी काय, जमिनीत रोवलेलं एक नळकांडं, वर नरसाळ्यासारखं तोंड, पोटात बाटली. बाटलीत जमलेलं पाणी रोज सकाळी काचेच्या मापानं मोजायचं आणि आकडा वर कळवायचा. बसवायला आलेले साहेब जाता जाता अनुसयाबाईला म्हणाले, "बाई, हे सरकारचं भांडं तुमच्या भरवशावर ठेवून जातो. सांभाळा."

साहेब सहज बोलले आणि जीपमध्ये बसून निघून गेले. पण अनुसयाबाई काही सहज ऐकणाऱ्यातली नव्हती.

बाई एकटी. नवरा गेलेला, लेकी आपापल्या घरी नांदत होत्या, दारात कपिली नावाची गाय. परिस्थिती बेताची, पण एका गोष्टीत ती पाटलिणीच्याही वरचढ होती. दुसऱ्याचं भांडं तिच्या घरातून कधी रिकामं परत गेलं नाही. मास्तरांची बायको मंदाबाई तिच्याकडे वाटीभर ताक पाठवी. वाटी परत येताना तीत कधी जवसाची चटणी असे, कधी चार बोरं, अगदीच काही नसलं तर गुळाचा खडा. मंदाबाई म्हणे, "काऊन वो एवढं करता?" तर बाई म्हणे, "भांडं रिकामं गेलं तं घराची लाज जाते, माय."

त्या साली, म्हणजे सत्त्याऐंशी साली, ज्येष्ठ कोरडा गेला, आषाढही कोरडा गेला. ढग गिरडच्या टेकडीपर्यंत येत, बोरझरीकडे नजर टाकत आणि दुसऱ्या वाटेनं निघून जात. कपाशीची पऱ्हाटी वीतभर वाढून थांबली. काळ्या जमिनीला अशा भेगा पडल्या की सरपंच डोमाजींची एक चप्पल भेगेत गेली ती परत मिळाली नाही. गावच्या विहिरीत दोराला दोर जोडूनही बादली खडखडत वर येई, आणि बायाबापड्या दूरच्या वावरातल्या विहिरीवर जाऊ लागल्या.

मास्तर रोज सकाळी परसात जात, यंत्र उघडत, कोरडी बाटली हातात धरून उभे राहत तोंडानं 'निरंक' म्हणत आणि तोच आकडा वर धाडत. निरंक म्हणजे काही नाही. ते एवढंसं तोंड करून परत फिरत. दाराशी शेण काढता काढता अनुसयाबाई ते तोंड रोज पाही.

आणि श्रावणातल्या एका सकाळी बाटलीत पाणी निघालं. चोवीस मिलिमीटर!

मास्तरांनी वर पाहिलं. आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख. खाली पाहिलं, तर पायाखाली धूळ. घरी येऊन त्यांनी मंदाबाईला सांगितलं, "काल रात्री इंचभर पाऊस झाला."

"रातभर तुम्ही आंगनात झोपले," मंदाबाई म्हणाली, "गोधडी तं कोरडीठाक हाय."

"गोधडी हे काही मोजायचं साधन नाही," मास्तर म्हणाले.

मास्तर विज्ञानाचे भक्त होते, आणि भक्त म्हटला की तो देवाचाही असो नाहीतर विज्ञानाचा, डोळे मिटूनच असतो. वर्गात ते नेहमी सांगत, 'डोळे फसतात, यंत्र फसत नाही.' त्यात यंत्राबरोबर आलेल्या सूचनांत ठळक छापलं होतं, की निरीक्षकाने स्वतःचे मत नोंदवू नये. मास्तरांनी मत गिळलं आणि आकडा धाडला. दुसऱ्या दिवशी बावीस निघाले, तिसऱ्या दिवशी पंचवीस. मग रोजच.

"मास्तर, हा पाऊस पडून कुठी राह्यला?" डोमाजींनी विचारलं.

"अनुसयाबाईच्या परसात."

"अन् बाकीच्या गावानं काय पाप केलं?"

मास्तरांनी काळ्या मातीच्या भेगा, ढगांची उंची आणि वाऱ्याची दिशा यांवर असं काही व्याख्यान दिलं की डोमाजींना आपल्याच डोळ्यांचा संशय येऊ लागला. चार जण रात्री परसाच्या कुंपणाशी आभाळाकडे तोंड करून बसले आणि पाऊस पडायच्या आतच घोरू लागले. एवढं सगळं झालं, पण ज्या बाईच्या परसात पाऊस पडत होता तिला विचारावं हे कोणालाच सुचलं नाही. म्हातारीला पावसाचं काय विचारायचं! पाऊस हा पुरुषांचा विषय होता.

डोमाजींनी वरच्या कचेरीकडे पाण्याचा टँकर मागितला. उत्तर आलं, की जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस आपल्या गावी, सबब मागणी फेटाळली आहे. पंधरवड्यानं एक ट्रक आला. त्यातून चार माणसांनी एक नाव उतरवली. होय, नाव. दोन वल्ही, चार रबरी ट्यूबा आणि पूर आल्यास उंच जागी जावे असा निरोप. बोरझरीला नदी नव्हती, आणि नाल्यात पोरं विटीदांडू खेळत होती. नाव मारुतीच्या पारासमोर ठेवली. संध्याकाळपर्यंत तीत शेळ्या बसल्या.

"मास्तर," डोमाजी दात खाऊन म्हणाले, "तुमच्या त्या नळकांड्यानं गावाचं वाटोळं केलं जी."

"मी एकही आकडा खोटा लिहिला नाही, डोमाजी."

हे खरं होतं. त्यामुळे तर जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर परसात गेले तर अनुसयाबाई कपिलीच्या गळ्यात नवा दोर बांधत होती. "हिले लेकीकडं धाडावं म्हनलं," ती म्हणाली. "तिकडं पानी हाय. येत्या बुधवारी जावई नेनार." बोलताना ती गाईकडे पाहत नव्हती. कपिली मात्र जीभ काढून तिचं मनगट चाटत होती. टँकर आला नाही तर ही गाय जाईल, आणि टँकर अडला होता तो त्यांच्या आकड्यांवर.

त्याच दिवशी ते बस धरून वरच्या कचेरीत गेले. कारकुनाला म्हणाले, "साहेब, यंत्र पाऊस दाखवतं, पण माझ्या डोळ्यांनी एक थेंब पाहिला नाही."

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "यंत्र तपासून शिक्का मारलेलं आहे, गुरुजी. तुमचे डोळे तपासलेले आहेत का?"

तरी जाण्याचा एवढा उपयोग झाला की पाहणीला साहेब धाडायचं ठरलं. दुष्काळाच्या नव्हे, अतिवृष्टीच्या पाहणीला.

मंगळवारी सकाळीच साहेब हजर. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, काखेत छत्री, कपाळावरून घामाच्या धारा. किसनराव त्यांचं नाव. धुळीतून रबरी बूट फटक-फटक वाजवत ते परसापर्यंत आले. मागे मास्तर, डोमाजी आणि निम्मं गाव. मास्तरांनी सकाळचं मोजमाप अजून केलं नव्हतं, साहेबांसमोरच करू म्हणून थांबले होते.

"आधी पाणी द्या," साहेब म्हणाले. घशाला कोरड पडून आवाज फुटत नव्हता.

डोमाजींनी इकडं तिकडं पाहिलं. सगळ्या बाया दूरच्या विहिरीवर. घराघरांतले गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, पालथे.

अनुसयाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. दाराशी पाहुणा, आणि तहानलेला! तिनं घरात जाऊन गुंड हलवून पाहिला, तो कोरडा. मग ती हातात गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, घेऊन बाहेर आली, सरळ यंत्रापाशी गेली, सरावानं वरचं तोंड काढलं, आतली बाटली उचलली, पाणी गडव्यात ओतलं आणि गडवा साहेबांपुढे धरला.

मास्तरांच्या तोंडून शब्द निघायच्या आत साहेबांनी तो घटाघटा रिकामा केला.

"गोड आहे पाणी," साहेब तोंड पुसत म्हणाले. "कुठल्या विहिरीचं?"

"तुमचंच हाय जी. आज पायटे म्याच टाकलंतं त्यात."

मग मास्तर हळूच म्हणाले, "अनुसयामाय, रोज तूच टाकत होतीस?"

"मंग? सायेब सांगून गेलते, सरकारचं भांडं हाय. तुम्ही रोज यायचे, भांड्यात पाह्यचे, अन् रिकामं पाहून तोंड पाडून जायचे. मले पाहवे नाई, बापा. सरकारचा मानूस माह्या दारातून रोज रिकामा जाते, हे काय बरं दिसते? जास्त नाई टाकत. एकच गडवा. माह्या वाटचा."

"अगं माय, त्या भांड्यातला एक इंच म्हणजे अख्ख्या शिवारावर एक इंच! एकेका एकरावर लाख-लाख लिटर पाणी!"

अनुसयाबाई विचारात पडली. "माह्या एका गडव्याचं?" ती म्हणाली. "मंग गेलं कुठी ते?"

साहेबांनी छत्री सावरली आणि मारुतीच्या पाराकडे पाय वळवले. तिथं ते नावेच्या कडेवर बसले, शेळ्यांनी जागा दिली. महिनाभराचा पाऊस कागदावर चढलेला, आणि कागदावर पडलेला पाऊस कोणाच्या बापाला पुसता येत नाही. खोटा म्हणावं तर यंत्र तपासलेलं, खरं म्हणावं तर समोर धूळ. साहेब नियमाचे गुलाम होते, पण प्यालेल्या पाण्याला जागणारेही होते. बराच वेळ डोकं खाजवून त्यांनी अहवाल लिहिला: 'आज रोजी पडलेला पाऊस पाहणी अधिकाऱ्याने समक्ष प्राशन केला. गावात आता पाऊस शिल्लक नाही. सबब टँकर द्यावा.'

अहवाल त्याच सांजेला वर पोचला, आणि वरच्या कचेरीला यात खोट सापडली नाही. पडलेल्या पावसाचा हिशेब लागला होता, त्यापलीकडे तिला काही नको होतं.

बुधवारी जावई आला तेव्हा टँकर गावात शिरत होता. आता पाणी ओतायचं कशात? गावात टाकी नव्हती. एवढं पाणी मावेल अशी एकच वस्तू होती. डोमाजींनी शेळ्या हाकलल्या, बायांनी नाव घासून काढली आणि टँकरनं त्यातच पाणी सोडलं. काठोकाठ भरलेल्या नावेभोवती गाव गोळा झालं. बायांचे गुंड भरून झाले, आणि कपिलीनं नावेत तोंड घातलं ते काही केल्या वर काढेना. जावई दोर हातात धरून उभा राहिला, मग त्यानं तो गुंडाळून सासूच्या हातात दिला आणि चहा न घेता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर परसात आले. यंत्रापाशी अनुसयाबाई गडवा घेऊन उभी होती.

"माय, पुन्हा?"

"काल एवढं सारं पानी धाडलं सरकारनं," ती म्हणाली. "अन् त्याचं भांडं आपून रिकामं द्याचं? आपल्या गावातून?"

तिच्या आवाजात इतकी लाज होती की मास्तरांना नियम सांगवेना. ते खाली उकिडवे बसले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली.

"भांडं रिकामं राहू दे, माय. मले पाज."

तिनं धार धरली. मास्तर पोटभर प्याले, ओला हात तोंडावरून फिरवला आणि यंत्र उघडून कोरडी बाटली पाहिली. अनुसयाबाई भांड्याकडे पाहत नव्हती, ती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती, आणि ते आज पडलेलं नव्हतं.

"आता कसं," ती म्हणाली. "जा, लिहून टाका निरंक."