यंदा नापास व्हायचं होतं

तरुणपणी डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरून विचारलं, "यात कोणता आकडा दिसतो?" मला नुसते ठिपके दिसले. लाल-हिरव्यात गोंधळ, म्हणून लायसन्स नाही. मी रागाने गाडीचं नावच टाकलं. मग बायको शिकली आणि जन्मभर तिने मला शेजारी बसवून फिरवलं. सिग्नलला मुद्दाम विचारायची, "साहेब, कुठला लागलाय?" मी खिडकीबाहेर बघायचो.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. गाडी दारात धूळ खात पडली. आमचं घर गावाबाहेर, तिथे बस येत नाही. दूध आणायचं तरी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, एकदा लायसन्सचं बघा. नाहीच मिळालं, तर इकडे या राहायला."

ते 'नाहीच मिळालं तर' मी घट्ट धरून ठेवलं. एकटं राहवत नाही, हे पोटच्या पोरीला सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. त्यापेक्षा सरकारनेच नाही म्हटलेलं बरं. तपासणीला निघण्याआधी मी बॅगसुद्धा भरून ठेवली.

डॉक्टरीणबाई मुलीच्याच वयाच्या. त्यांनी दूरची अक्षरं वाचून घेतली आणि सरळ शिक्का उचलला.

"आणि ते ठिपके?" मी विचारलं.

"ते नियमातून काढलं, काका. बऱ्याच देशांत साध्या गाडीसाठी आता रंग बघतच नाहीत."

"अहो, पण मला लाल-हिरवा खरंच कळत नाही!"

"वरचा दिवा आणि खालचा दिवा कळतो ना?"

"तेवढं कळतं," मी चिडून म्हणालो.

"मग झालं."

बाहेर बाकावर बसलो. मुलीला 'नापास' सांगायचं ठरवूनच टाकलं. ती थोडीच कागद बघायला येणार होती! फोन लावला.

"काय झालं, बाबा?"

"पास!"

बोलूनच गेलो. आयुष्यात पहिल्यांदा या परीक्षेत पास झालो होतो, तीच हौस नडली.

"अरे वा!" तिने हुश्श केलं, ते मला स्पष्ट ऐकू आलं. "छोट्याच्या खोलीत तुमचा पलंग कसा मावणार, याचीच चिंता लागली होती मला. आता क्लास लावा, सहज जमेल. प्रश्नच मिटला!"

"मिटला," मी म्हणालो. "शिकलो की गाडी घेऊन येईन तुझ्याकडे."

"या की! फक्त आधी फोन करा हं, बाबा."