डाव्या पायाची ऊब

मी डाव्या पायाची चप्पल बोलतेय, नाथाबाबांची. उजवी काही बोलायची नाही, तिचं बरं चाललंय.

रामवाडीच्या कारागिरानं कागदावर पाय आखून आम्हाला शिवलं. मऊ तळ, मागे पट्टा. साखरेच्या आजारानं बाबांचे पाय बधिर झालेले, चप्पल गळाली तरी पत्ता नसायचा, म्हणून तो पट्टा. जन्म मिठागरात अनवाणी गेलेला माणूस! म्हणाले, "म्हातारपणी गादी गावली पायाला."

पुढे किडन्याही गेल्या. पेणला डायलिसिस चालायचं तेव्हा आम्ही दोघी पलंगाखाली. उजवीला घामाचा ओलावा असायचा, मी मात्र गारठलेली. डाव्या पायात रक्तच पोचत नव्हतं. अंगठा काळा पडला.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, कमरेच्या हाडातून मूळ पेशी काढून पोटरीत टोचून बघू. नव्या रक्तवाहिन्या फुटल्या तर पाय वाचेल. उपचार अजून अभ्यासातला आहे, हमी नाही. जखम मात्र अजिबात होऊ देऊ नका.

टोचून घरी आलो. पायात ऊब आली तर आधी मलाच कळणार होतं. रोज सकाळी पाय आत यायचा तो गारच. माझा जीव टांगणीला.

आणि एका सकाळी पाय आला तो चक्क गरम! मी हरखून गेले. वाचला माझ्या बाबांचा पाय!

मग मला चुलीवरचा तवा दिसला. तव्यात मीठ. मिठागरात पाय गारठले की गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेकतात. गोदूबाईनं नवऱ्यासाठी तेच केलं होतं, आणि आता पाय माझ्यातून काढून ती पुन्हा शेकत होती.

"बरं वाटतंय का ओ?"

"व्हय गो. लय बरं वाटतं. धर अजून."

संध्याकाळी तळव्याला फोड आले. मग जखम, मग वास. काल डॉक्टर म्हणाले, पाय काढावा लागेल.

"माझ्याच हातानं घालवला मी!" गोदूबाईनं कपाळ बडवून घेतलं.

"तुझा दोष नाय गो," बाबा म्हणाले. "मला काय कळतच नव्हता शेक. तू येवढ्या आशेनं इचारलंस, नाय म्हणवलं नाय."

आता ती दवाखान्याची पिशवी भरतेय. उजवी आत गेली. मला हातात घेऊन ती नुसती बसून राहिलीय, माझ्यावरचा जखमेचा डाग पदरानं पुसतेय.

गोदूबाई, त्या सकाळी मीही फसले गो. पट्ट्या बांधलेला पाय आता माझ्यात मावत नाही, ठाऊक आहे मला. तरी मागचा पट्टा सोड आणि बसेल तसा घाल. दवाखान्याच्या दारापर्यंत तरी मला त्या पायात राहू दे.