आईचं आजचं वाक्य

मुलांनो, डोळ्यांसमोर एक खिडकी आणा. तिला गज आहेत, आतून बारीक जाळी आहे. जाळीपलीकडे नागपुरातल्या एका इस्पितळाचा क्षयरोग्यांचा वॉर्ड. अलीकडे, कडुनिंबाखाली, पालथ्या बादलीवर उभी असलेली दहा वर्षांची शामला. आता तिच्या जागी तुम्ही उभे राहा, आणि आतल्या खाटेवरची बाई तुमची आई आहे असं समजा. साल एकोणीसशे सहासष्ट.

लहान मुलांना आत सोडत नसत. आत गेलेलं पुस्तकही बाहेर येत नसे. रोग पसरू नये म्हणून ते शेवटी जाळून टाकत. त्यामुळे शामलाची आई कौशल्या वाचत होती ती कादंबरी लेकीच्या हाती कधीच पडणार नव्हती. मग ती रोज दुपारी त्यातलं एक वाक्य खिडकीतून सांगायची, आणि निवडून हसवणारंच सांगायची. "मामी रागावल्या की घरातली भांडीसुद्धा हळू बोलत." शामला ते घोकत घरी जायची आणि कापडगिरणीतून परतलेल्या बाबांना, चंद्रभानला, जेवताना ऐकवायची. त्या घरात हसणं व्हायचं ते तेवढंच.

फाल्गुनात कौशल्याचा आवाज बसला. तेव्हापासून वॉर्डातल्या आया यमुताई तिच्या तोंडाशी कान नेत आणि वाक्य खिडकीपर्यंत आणून देत. पुढे एक दिवस त्यांनी शामलाला सांगितलं, की आईची खाट आतल्या बाजूला हलवली आहे.

खरं म्हणजे कौशल्या गेली होती. चंद्रभाननं यमुताईंना हात जोडले होते. चौथीची परीक्षा होईपर्यंत पोरीला कळू देऊ नका. तेराव्यापर्यंतचे दिवस तिच्या नकळत, पारशिवनी गावी चंद्रभानच्या भावाच्या घरी चालले होते. गादीबरोबर पुस्तकही जळलं होतं. आता रोजचं वाक्य यमुताईंनाच रचावं लागे. आयुष्यभर त्यांनी चादरी बदलल्या, थुंकीची भांडी धुतली, माणसांना कुशीवर वळवलं. हसवणारं वाक्य कसं करतात, ते त्यांना येत नव्हतं.

एका दुपारी त्या म्हणाल्या, "कोणी नसलं तरी पोरीनं पोटभर जेवावं, केसाले तेल लावावं."

शामला बादलीवरून उतरली.

"मावशी, हे पुस्तकातलं नाही."

"काहून वं?"

"आईच्या पुस्तकात कोणीच असं बोलत नाही. हे तुम्ही बोलून राहिल्या." मग तिनं विचारलं, "आई केव्हा गेली?"

यमुताईंनी गज धरला. सोमवारी पहाटे, एवढंच त्या म्हणाल्या. त्रास झाला का, हेही शामलानं विचारलं. त्या दिवसांत इतकं खोटं बोललेल्या यमुताईंना तिथं मात्र खोटं बोलवेना.

"झाला, माय," त्या म्हणाल्या. "तुया बाबाच्या मनात होतं, तुये पेपर होऊन जाऊ दे."

"त्यायले सांगू नका, मले समजलं म्हणून."

दिवेलागणीला चंद्रभान आला. हातपाय धुऊन पाटावर बसला आणि ताटाकडेच पाहत त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, "काय म्हणे आज तुई आई?"

शामलानं त्याला भाकर वाढली, वर तिखटाचा गोळा ठेवला. वाक्य तिनं वाटेतच जुळवलं होतं.

"एक माणूस इतका कंजूस होता," ती म्हणाली, "का दिवस बुडाला की आपली सावली घडी करून पेटीत ठेवे."

आणि बाबांच्या आधी ती स्वतःच हसली.