मोहाचं वळण

लक्ष्याच्या डोक्यात विंचचा किडा घातला तो मुंबईवाल्यांनी, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर गोष्ट ऐकून सगळं खापर एकट्या लक्ष्यावर फोडाल आणि हात झटकून मोकळे व्हाल.

सायवनहून उधव्याकडे जाणारी डांबरी सडक आहे ना, तिच्यापासून एक कच्ची वाट फुटते, उतरत उतरत ओहोळात जाते आणि ओहोळापलीकडे लक्ष्याचा पाडा. पावसाळ्यात तिला वाट म्हणणं ही शुद्ध चेष्टा. उताराच्या मध्यावर एक वळण, आणि वळणावर भिकीकाकीचा मोह. खाली ओहोळाकाठी हवी तेवढी झाडं, पण उतारावर हे एकच. वर सगळं गवत आणि ताटासारखा सपाट कातळ. भिकीकाकीच्या सासऱ्यापासून त्या मोहाची फुलं तिच्याच घरात यायची. चैतात ती उजाडायच्या आत टोपली घेऊन तिथे हजर असायची, आणि दुसऱ्या कोणी एक फूल उचललं तरी तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा.

तर एका श्रावणात मुंबईवाले आले. रंगीत जीपा, ढोपराएवढी चाकं. कशाला आले? चिखलात खेळायला. आमची माणसं ज्या चिखलाला शिव्या घालत जन्म काढतात, तिथे हे हौसेने येऊन लोळतात. असो. ओहोळात मनसोक्त गाड्या नाचवून झाल्या आणि परतताना एक जीप उतारावर अशी रुतली की दहा जणांनी रेटूनही ढिम्म हलेना. लक्ष्या तिथेच उभा होता. त्याचीही जुनी जीप होती, चारी चाकांना जोर असलेली. सायवन, उधवा, तलासरी अशी माणसं वाहायचा. त्याला वाटलं, आता हे आपल्याला मस्का लावणार. पण त्यांच्यातल्या एकाने जीपच्या नाकाडावरच्या विंचमधून, म्हणजे गाडी ओढायच्या यंत्रातून, पोलादी तार ओढून काढली, मोहाला रुंद पट्टा गुंडाळला, त्यात हुक अडकवला आणि हातातल्या रिमोटचं बटण दाबलं. घर्र आवाज झाला, तार ताणली आणि ती एवढी थोरली जीप आपली आपण चिखलातून वर सरकत गेली.

भिकीकाकी खालून ओरडत आली, "माझ्या झाडाची साल काढली तर बघा." मुंबईवाले हसले. लक्ष्या हसला नाही. त्याला हिरी आठवली.

हिरी त्याची बायको. आधीच्या पावसाळ्यात भाताच्या आवणीच्या वेळी शेतात तिला मण्यार चावली. वाटेवर जीप चढेना, म्हणून बांबूला घोंगडी बांधून डोलीतून तिला काढली. मोहाखाली डोली टेकवली, तिथे ती लक्ष्याकडे पाणी मागून प्यायली आणि सडक दिसायच्या आत गेली. एवढंच. दारात गाडी असून बायकोला बांबूवर न्यावं लागलं, हे त्याच्या मनातून काही केल्या जाईना. आणि आता समोर हे यंत्र. असं यंत्र असतं तर हिरी असती, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. त्याने यंत्र पाहिलं, तार पाहिली, बटण पाहिलं. मोह त्याला दिसला नाही. मोह काय, रोजचाच होता.

मग चारोटीला हायवेवरच्या तुषार मिस्त्रीच्या खनपटीला बसला. तुषारने कुठल्याशा उलटलेल्या जीपचं विंच मिळवलं, तेही वर्षभराने. दोन दिवस दोघं गाडीखाली पडून होते. पुढचा पत्र्याचा बंपर काढून फेकला, शॅसीला जाड पाटा जोडला, त्यावर विंच बसवलं, भोवती लोखंडी बंपर. नवी मोठी बॅटरी, तिच्यापासून विंचपर्यंत अंगठ्याएवढ्या जाड केबली. तार ड्रमवर नीट ताण देऊन गुंडाळली, वेटोळ्याला वेटोळं लागून. तुषार बोलायला मोकळा माणूस, अर्धी वाक्यं मराठी, अर्धी गुजराती. काय काय सांगत होता: तार कधी पूर्ण सोडू नको, ड्रमवर थोडी राहू दे, तार ताणली की जवळ कोणाला उभं करू नको, वर ओलं पोतं टाक, तुटलीच तर उसळणार नाही. लक्ष्या मान डोलवत होता.

"अने हुक कशाला लावशील?" तुषारने विचारलं.

"आमच्याकडे झाडांना काय तोटा आहे का?" लक्ष्या म्हणाला, आणि दोघं खो खो हसले.

गाडी घेऊन घरी निघाला तर मोहाच्या वळणावर पहिलीच माशी शिंकली. नवा बंपर हातभर पुढे आलेला. वळण मुळात अरुंद, एका बाजूला मोहाचा बुंधा, दुसऱ्या बाजूला खाली घसरण. पूर्वी जीप एका झटक्यात वळायची. आता बंपर बुंध्याला टेकायचा. मागे घे, पुढे घे, मागे घे. कोरड्या दिवसात ठीक होतं. पावसात तिथे मागेपुढे करणं म्हणजे सरळ ओहोळात जाणं.

लक्ष्या आठ दिवस गप्प बसला आणि मग भिकीकाकीच्या ओट्यावर जाऊन बसला. मोह तोडायला हवा, हे सांगायला त्याची जीभ रेटेना, तरी कसंबसं सांगितलं. काकीने ऐकलं मात्र, आणि असली कडाडली की पाडा गोळा झाला. "तुझ्या लोखंडाचं नाक लांब झालं, तर नाक काप. माझा मोह कशाला कापतोस?" खरं सांगायचं तर बरोबरच बोलली. पण लक्ष्या हटेना. रोज संध्याकाळी जायचा. पाया पडायचा. हिरीचं नाव घ्यायचा. हिरीचं नाव घेतलं की काकी गप्प व्हायची, हे त्याला कळलं होतं, आणि तो ते घेत राहिला.

शेवटी एका संध्याकाळी काकीच म्हणाली, "जमनाला दिवस गेलेत. श्रावण-भादव्यात होईल." जमना तिची लेक, एकुलती. नवरा वीटभट्टीवर, म्हणून बाळंतपणाला आईकडेच राहिलेली. "माझ्या पोरीला डोलीत घालायची नाय. तू नेशील ना रे तिला गाडीतून? वचन दे."

"देतो की. तुझ्या पायाची शपथ, काकी. दारातून उचलीन, दवाखान्याच्या दारात सोडीन."

"मग ने तो मोह," काकी म्हणाली आणि उठून आत गेली.

झाड पाडलं. उरला बुंधा, तो राहिला तर गाडीचं पोट घासलं असतं. पोरांनी भोवती खणलं, मोठी मुळं कुऱ्हाडीने तोडली, लक्ष्याने चाकांना धोंडे लावले, पाचसहा जणांना गाडीत बसवलं आणि विंचचं बटण दाबलं. हे त्या विंचचं पहिलं काम. तार ताणली, जमीन कडकड वाजली आणि तो एवढा बुंधा मुळांसकट उपटून बाहेर आला. पोरं नाचली. बाळ्या, लक्ष्याचा चुलतभाऊ, बंपरला नारळ फोडायला निघाला. खड्डा माती आणि मुरुम टाकून भरला, वर जीप फिरवून दाबला. वळण कसं मोकळं, ऐसपैस झालं. भिकीकाकी तेवढी आली नाही.

भादव्यात जमनाचं पोट दुखायला लागलं ते सकाळी. चार दिवस पाऊस लागून होता. आरोग्य खात्याची आशाताई कविता आली, हात लावून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. पोर आडवं होतं. रक्त जात होतं. तिने फोन केला. सडकेपर्यंत रुग्णवाहिका येईल म्हणाली, तिथवर आणा. "जीप आहे," लक्ष्या म्हणाला. या दिवसाची तो दोन वर्षं वाट बघत होता, दुसरं काय. जमनाला गोधडीवर मागे निजवलं, उशाला काकी, पायाशी कविता, बाळ्या आणि आणखी दोघं लटकले. जमना कण्हत होती, तरी म्हणाली, "दादा, हळू ने हां."

ओहोळ पार झाला. चढण सुरू झाली, जीप हत्तीसारखी चढली. मोहाचं वळण आलं. लक्ष्याने ऐटीत एका झटक्यात वळण घेतलं, आणि पुढचं चाक खाली गेलं.

नुसतं गेलं नाही, बसलं. मोहाच्या खड्ड्यात भरलेली माती चार दिवसांच्या पावसाने आंबिलीसारखी झाली होती. मागून दुसरं चाकही घसरून आत आलं. गाडीचं पोट जमिनीला टेकलं आणि चारी चाकं नुसती फिरत राहिली.

बाळ्या खाली उतरला, बघितलं. म्हणाला, "दादा, डोली करू. पळत जाऊन बांबू आणतो."

"डोली नाय," लक्ष्या म्हणाला. "विंच कशाला आहे मग? थांब."

त्याने तार सोडली. हुक हातात घेऊन तो चिखलातून वर निघाला, मुंबईवाल्यांना बघितलं होतं तसा, आणि दहा पावलांवर उभा राहिला. हातात हुक, खांद्यावर पट्टा, आणि समोर काही नाही. गवत होतं. कातळ होता. खाली ओहोळाकाठी झाडंच झाडं, पण ती मागे. वर ओढायला झाड वर हवं. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, परत डावीकडे बघितलं. मग त्याला कळलं, आणि त्याने मागे वळून गाडी रुतलेल्या मोहाच्या खड्ड्याकडे बघितलं.

तरी मेला हटला नाही. तेव्हाच हटला असता तर. त्याने स्टेपनी काढली, वरच्या अंगाला चर खणायला लावला, स्टेपनी पुरून तिला हुक लावला. "एवढं बघू." खणण्यात वेळ गेला. बटण दाबलं, स्टेपनी मुळ्यासारखी उपटून आली. "आणखी खोल." पुन्हा खणलं, वर धोंडे रचले, धोंड्यांवर माणसं बसवली. पुन्हा उपटली. विंचमध्ये खोट नव्हती. बॅटरीत खोट नव्हती. तुषारने काम चोख केलं होतं. यंत्र बटण दाबताच ओढत होतं, फक्त त्याला धरून राहणारं कोणी नव्हतं.

बाळ्या आता विचारायला थांबला नाही, पाड्याकडे पळाला. लक्ष्या खणतच होता. कविताने गाडीतून त्याला हाक मारली, तेव्हा तिच्या आवाजावरूनच त्याने फावडं टाकलं.

बांबू आला. जमनाला डोलीत घातलं. पुढचं टोक लक्ष्याने खांद्यावर घेतलं, कोणाला हात लावू दिला नाही. पावसात डोली टेकवायला आडोसाही नव्हता. काकी बाजूने चालत होती, लेकीच्या तोंडावर पदर धरून. सडकेवर रुग्णवाहिका केव्हाची उभी होती. आतल्या माणसाने जमनाचा हात धरला, डोळे उघडून बघितले आणि काकीकडे न बघता कविताकडे बघितलं.

पोरही पोटातच गेलं.

जमनाचे दिवस झाले तरी जीप तिथेच होती. लक्ष्या तिकडे फिरकला नव्हता. घरात भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. पाड्यातली माणसं म्हणाली, बाबा, गाडी काढ, वाट अडली आहे. उघडीप पडली तेव्हा तो एकटा गेला. तर बंपरला टेकून भिकीकाकी बसलेली.

तो तिच्यासमोर चिखलातच बसला. एवढंच म्हणाला, "काकी, मला मार. शिव्या दे. काय तरी बोल."

"काय बोलू? तू मागितलास, मी दिला," काकी म्हणाली. "गाडी काढायला आलास ना?"

"कशी काढू? हुक लावायला काही नाय."

काकी उठली. तिने चिखलातला पट्टा उचलला, नीट झटकला. मुंबईवाल्यांनी मोहाला गुंडाळला होता तसा स्वतःच्या कमरेला गुंडाळला. तार ओढत ती वर गेली, गवतात मांडी घालून बसली आणि हुक पट्ट्यात अडकवला. घाईने नाही, रागाने नाही. चैतात फुलं वेचायला बसायची तशी बसली.

"दाब," ती म्हणाली. "मी धरते."

लक्ष्याच्या हातात रिमोट होता. काकी त्याच्याकडे बघत होती, खरोखरच वाट बघत होती.