अठरा अंश

हीटरच्या रिमोटवरचा अठराचा आकडा… नोलाचा अंगठा बटणावर तसाच थांबला होता. खिडकीच्या काचेवर आतूनही बर्फ धरला होता. दक्षिणेकडच्या या रॅनफर्ली गावात जुलै म्हणजे ऐन हिवाळा. असा जुलै तिनं लहानपणी पाहिला होता, पण तेव्हा शेगडीत लाकडं असायची, आणि थंडी बघून लाकडांचा भाव तासातासाला चढत नसे.

तासातासाला भाव बदलणारी विजेची ही योजना मुलीनं, इशबेलनं घेऊन दिली होती. उन्हाळाभर स्वस्त पडली. पण गारठा वाढला की सगळा देश एकदम हीटर लावतो, आणि वीज नेमकी तेव्हाच महाग होते. जूनचं बिल पेन्शनमध्ये मावलं नव्हतं. तेव्हापासून मर्डोला झोप लागली की ती हीटर बंद करी — आजारी नवऱ्याच्या खोलीतला.

सकाळी इशबेलचा फोन आला होता. "आई, बाबांची खोली गरम ठेवतेस ना?"

"ठेवते गं. भट्टीतल्या पावासारखे फुगलेत तुझे बाबा."

इशबेल हसली. खोटं इतकं सहज कसं जमलं…

"नोला," आतून मर्डोचा आवाज आला, "वारा कुठून येतोय गं?"

तिनं आपला कोट त्याच्या पांघरुणावर घातला.

"मग तू काय घालणार?"

"मला कामानं घाम आलाय."

"थापाडी," तो म्हणाला, आणि तिचे हात ओढून त्यानं आपल्या काखेत घेतले. जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरलेले त्याचे हात आता तिच्या हातांहून गार होते.

डॉक्टर म्हणाले होते, हिवाळा निघाला तर पुढचं बघू. आणि नाही निघाला तर — तर ही खोली बंदच ठेवता येईल, एवढं बिल येणार नाही… विचार पुरा झाल्यावरच तिला कळलं की तो आपला होता. मी हा हिशोब मनात मांडला. त्याचे हात माझ्या हातांवर असताना.

तिनं हात सोडवून घेतले, दाराशी येऊन रिमोटनं हीटर लावला, आकडा बावीसवर नेला. भाव किती चढलाय, ते बघितलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं गरम हवा दारापर्यंत आली.

"छान ऊब आलीये," मर्डो म्हणाला. "ये, बस जवळ."

"आले."

पण ती उंबऱ्यातच उभी राहिली. इतक्या वर्षांत त्याच्यापासून लपवावं असं तिच्या चेहऱ्यावर कधी काही नव्हतं. आणि आता तो उशीवरून मान वळवत होता, सावकाश, तिच्याकडे बघायला.