जगनच्या घरचं दुसरं माणूस

शिवऱ्याला हायवेलगतच्या रद्दीच्या गोदामात जगननं आयुष्याची चांगली वर्षं एका प्लास्टिकच्या खुर्चीला दिली आणि खुर्चीनं त्याला त्याबदल्यात पोट दिलं. व्यवहार म्हणून पाहिलं तर खुर्ची फायद्यात राहिली. ती अजून तिथंच आहे, तिच्यावर दुसरा वॉचमन बसतो. जगन मात्र बायको गेल्यावर आणि लेक संजीवनी कामथडीला नांदायला गेल्यावर रक्तातली साखर, गुडघ्यातली कळ आणि रद्दीतून उचललेल्या पुस्तकांची एक गोणी घेऊन वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याखालच्या आपल्या वाडीत परत आला.

वाडीत भाताची लावणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात, उद्या सगळ्यांनी माझ्या. कुणी कुणाकडं किती राबलं हे कुठं लिहिलेलं नसतं. ते सरूबाईच्या डोक्यात असतं, आणि सरूबाई एक वेळ देवाचा नवस विसरेल, पण कुणाचा अर्धा दिवस विसरणार नाही. परत आल्यावरच्या पहिल्या लावणीला जगन चिखलात उतरला आणि ऊन डोक्यावर यायच्या आत बांधावर बसला, तो उठलाच नाही. सरूबाईनं त्याच्याकडं बघितलं, काही बोलली नाही.

दुसऱ्या वर्षी बोलली.

"भावजी, तुमी घरी बसा. आमी सगळ्याजणी येऊन तुमचं लावून जातो."

"आन् मी?"

"तुमी काय? तुमी निवांत ऱ्हावा. एवढं वाईट नका वाटून घिऊ, म्हाताऱ्या अंबूबाईचं बी आमीच लावतो."

अंबूबाईला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. बायका आल्या, हसतखेळत लावणी केली, आपापली फडकी सोडून भाकरी खाल्ली आणि गेल्या. कुणी त्याच्याकडं परत दिवस मागितला नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरनं साखरेचा आकडा सांगितला तेव्हा जगनला झोंबलं नव्हतं, ते आता झोंबलं. माणूस मेल्यावर त्याच्या वाटणीचं बाकीचे करतात. हा तर अजून जिवंत होता.

त्या पावसाळ्यात त्यानं गोणी सोडली आणि भार्गवीची पुस्तकं पुन्हा वाचायला घेतली.

भार्गवी ही एका अंतराळयानाची कप्तान. यान लांबच्या एका ग्रहाकडं निघालेलं, बाकीचे सगळे काचेच्या पेट्यांत झोपलेले, जागी ती एकटीच. तिथं कशालाच वजन नाही, आणि वजन नसलं की हाडं भुसभुशीत होतात. म्हणून ही बाई रोज स्वतःला रबरी पट्ट्यांनी भिंतीला बांधून घ्यायची आणि घाम फुटेपर्यंत ओढायची. कशाला, तर उतरल्यावर यानाच्या दारातून आपल्या पायांनी बाहेर पडता यावं. बघणारं कुणी नाही, शाबास म्हणणारं कुणी नाही. गोदामात जगननं हे खुर्चीत बसून, बिस्किटं खात वाचलं होतं. आता वाचताना त्याला आपलं घर दिसलं. रेडिओ बंद केला की तिथंही दुसरा आवाज नव्हता.

त्यानं पंक्चरवाल्या बंडूकडून सायकलची फाटकी ट्यूब आणली आणि ओसरीच्या खांबाला बांधली. सकाळी ती ओढायची, मग तोरण्याच्या वाटेनं पहिल्या टेपापर्यंत, म्हणजे पहिल्या उंचवट्यापर्यंत चढायचं. चहातली साखर गेली, बिस्किटं गेली, ताटात नाचणीची भाकरी आली. कापणी झाल्यावर मोकळ्या खाचरात कमरेत वाकून, एकेक पाऊल मागं सरकत तो काटक्या रोवायचा. लावणी अशीच उलटं चालत करतात. पण कोरड्या रानात काटक्या लावणारा माणूस वाडीनं पहिल्यांदाच बघितला. गेनबानं बांधावरून विचारलंसुद्धा, "जगनराव, पीक कशाचं म्हणायचं हे? सरपणाचं?"

चढावर दम लागला की तो स्वतःशीच पुटपुटायचा. "चल. भार्गवी थांबली असती का?" हे शेरडं घेऊन निघालेल्या रतनबाईनं ऐकलं.

"कोण वो भार्गवी?"

पन्नाशीच्या माणसानं, आपण पुस्तकातल्या बाईच्या नादानं डोंगर चढतो हे कसं सांगावं? "हाय एक," तो म्हणाला. "लांब असती."

"मग येनार कवा?"

"अजून लई लांब हाय."

शब्द न् शब्द खरा होता. रतनबाईनं त्यातून जो हिशेब काढला तो चुकीचा निघाला, त्याला जगन काय करणार? संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं की जगन दुसरं घर करतोय, बाई पुण्याकडची आहे आणि तिच्यासाठीच गडी पोट उतरवतोय. वाडीला हे कारण लगेच पटलं. साखरेपायी कुणी काटक्या लावतं होय?

जगननं खुलासा करायला पाहिजे होता. पण झालं असं, की बायको गेल्यापासून ज्या माणसाला 'बरं हाय का' एवढंच विचारलं जायचं, त्याला लोक थांबून विचारायला लागले. 'तब्येत कशी हाय तिची? फोन येतो का? सैपाक जमतो का तिला?' सरूबाई तर अंगणातून हाक मारायची, "भावजी, कुटवर आली वो?" तो हसून हात वर करायचा. एका खुलाशात हे सगळं गेलं असतं. त्यानं तो पुढं ढकलला आणि मग ढकलतच राहिला.

लावणी आली. जगन सावडीच्या ओळीत उभा राहिला. सरूबाईनं त्याला मुद्दाम आपल्या शेजारी घेतलं, कधी बसतो ते कळायला. प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेतलेला, पाणी पोटरीपर्यंत, हातात रोपांची मूठ. दिवस कलला तरी तो बसला नाही. दुसऱ्या खाचरातही बसला नाही. चौथ्या दिवशी सरूबाई त्याच्याकडं न बघताच म्हणाली, "तुमचं खाचर शेवटाला घिऊ. तुमचा एक माणूस हिशेबात धरलाय मी."

जगननं पुढची रोपं जरा जोरातच रोवली. आणि लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली.

सावडीत ज्याचं खाचर असेल त्यानंही ओळीत राबायचं असतं, आणि दुपारचं सगळ्यांचं जेवण त्याच्या घरातून यायचं असतं. म्हणजे घरात एक माणूस चिखलात आणि एक चुलीपाशी. ही रीत एका माणसाच्या घरासाठी घातलेलीच नव्हती. अंग कमावून जगन एक झाला होता, पण लागत होते दोन. बाकीच्यांनी जेवणाचं विचारलं नाही, कारण त्यांच्या लेखी दुसरं माणूस पुण्याहून निघालेलं होतं. त्यानं संजीवनीला फोन लावला. तिच्या सासरी त्याच दिवशी पाहुणे होते.

"आधी सांगायचं न्हाई का, आबा?"

"बरं बरं. असंच केला होता फोन," तो म्हणाला.

पहाटे उठून त्यानं शेजारच्या घरून आणलेल्या मोठ्या पातेल्यात भात शिजवला, पिठलं केलं, झाकलं आणि ओळीत जाऊन उभा राहिला. बायका त्या दिवशी जरा बऱ्या लुगड्यांत आल्या होत्या. वाकल्या वाकल्या सगळ्यांच्या नजरा घराकडं. दुपार झाली. जगन चिखलाच्या पायांनी चढून गेला आणि भाताचं पातेलं डोक्यावर, पिठल्याची कढई हातात घेऊन स्वतःच उतरला. सगळ्या त्याच्या पाठीमागं बघत होत्या.

"ती कुटंय?" रतनबाईनं विचारलं. तिनं पिशवीतून खण आणि नारळ काढून बांधावर ठेवला होता. नव्या माणसाची ओटी भरायची म्हणून.

नारळ बघितल्यावर जगनला खोटं पुढं नेता येईना.

"ती न्हाई. ती पुस्तकातली हाय," तो म्हणाला. "आकाशातल्या यानात असती. तिचं वाचून मी डोंगर चढत हुतो."

मग गेनबा फिसकन हसला, आणि मग सगळंच खाचर हसलं.

"आगं बया!" रतनबाई म्हणाली. "म्हंजी म्या ओटी कुणाची भरू आता? यानाची?"

सरूबाई तेवढी हसली नाही. तिनं कढईवरचं झाकण काढलं, गार पिठल्यात बोट घातलं, चाखलं. "मीठ न्हाई ह्यात."

"इसरलं, वहिनी."

"नारळ फोड ग रतने. तोंडी लावायला तेवढंच."

जेवणं झाल्यावर ती उठता उठता म्हणाली, "ह्याच्याम्होरं तुमच्या खाचरातलं जेवान माज्या घरनं यील. त्याबदली तुमी माज्याकडं एक दिवस जादा राबायचं. कापणीपासनं. फुकाट न्हाई, सांगून ठिवते."

"राबंन," जगन म्हणाला. अंबूबाईचा हिशेब असा कधी कुणी मांडला नव्हता.

दिवस मावळायच्या आत खाचर लावून झालं. लावणी संपली होती. आता कापणीपर्यंत सावड नव्हती. बायका वेल्ह्याच्या बाजाराचं बोलत खाली उतरल्या. जगन बांधावर उभा राहिला. जाताना कुणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं राखेनं पातेलं घासलं, आतून बाहेरून लख्ख केलं आणि परत द्यायला म्हणून उचललं. शेजारचं दार उघडंच होतं. आज दिलं तर उद्या काय निमित्तानं जायचं, असं मनात आलं, आणि त्यानं ते पातेलं आतल्या फळीवर पालथं घालून ठेवलं.