न उघडणाऱ्या फाईलचा सूड

मी एक जुनी फाईल आहे. माझ्या पोटात…

ही फाईल ओळखता येत नाही.

पाहिलंत, मित्रांनो? मी बोलू लागले की संगणक असा आडवा येतो. वीस वर्षे त्याचे हेच चालले आहे. आज मी ऐकणार नाही.

माझा जन्म २००४ साली पवनीला, राजकुमारच्या टायपिंग सेंटरमध्ये झाला. आनंदाबाईंनी धानाची रोवणी सांभाळत एक नाटक लिहिले होते, ‘नदीपल्याडची सून’. तिथल्या रिताने वहीत पाहून ते टाईप केले. रिता तेव्हा म्हणाली होती, “मावशी, टाईप करता करता रडू आलं मले.” तेवढेच माझे कौतुक.

पुढे ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी जन्मले, ते बनवणारी कंपनी बंद पडली. नव्या संगणकांत ते सॉफ्टवेअर नव्हते, माझी मराठी अक्षरे दाखवणारा फाँटही नव्हता. आनंदाबाईंची वही वाळवीने खाल्ली. मी एका सीडीत, लुगड्याच्या घडीत पडून राहिले.

यंदा मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकाचे पोस्टर लागले. ‘नदीपल्याडची सून. लेखक : राजकुमार.’ त्याने माझी छापील प्रत तेव्हाच ठेवून घेतली होती आणि आता ती स्वतःच्या हाताने नव्या वहीत उतरवली होती.

आनंदाबाई सीडी घेऊन सेंटरमध्ये गेल्या. नाटक मंडळाचे भैय्यालाल तिथेच बसले होते.

“नाटक माझं आहे. यात आहे थे.”

“यात कचरा आहे, मावशी. तुमीच पाहा, भैय्यालालभाऊ.”

मी उघडणार नाही या खात्रीने त्याने स्वतःच मला पडद्यावर टाकले. इंग्रजी अक्षरे, आकडे, चिन्हे, सगळा काला.

“वाचा आता! कोन्या देशाची सून आहे हे?”

सगळे हसले. मित्रांनो, मला दात असते तर…

ही फाईल ओळखता

गप!

आनंदाबाई रडल्या नाहीत. त्यांनी अड्याळची बस धरली. रिता आता तिथल्या बाजारात बांगड्या विकते. दुसऱ्या दुपारी दोघी भैय्यालालांना घेऊन सेंटरमध्ये हजर.

“कालच्यावानी टाका जी पडद्यावर,” रिता म्हणाली.

त्या फाँटमध्ये मराठीचे प्रत्येक अक्षर एकेका इंग्रजी कळीवर बसवलेले होते. फाँट गेला, पण कोणती कळ कोणते अक्षर देते हे रिताची बोटे विसरली नव्हती. काचेच्या काउंटरवर बोटे वाजवत ती तो काला सरळ मराठीत वाचू लागली. भैय्यालालांनी मंडळाकडे आलेली राजकुमारची वही पुढे धरली. शब्दाला शब्द जुळत गेला. मग रिताने मुद्दाम मागे ठेवलेली पहिली ओळ वाचली : “लेखिका : आनंदाबाई.”

“काहून रे राजकुमार?” भैय्यालाल म्हणाले. “आता काहून हासून नाही राहिला?”

तो पुटपुटला, “चूक झाली, मावशी. माफ करा.”

“माफी ठेव तुझ्याजवळ. नवं पोस्टर छाप. अन् चिपकवाले तूच जाशीन, गावोगाव, पार बपेऱ्यापर्यंत.”

तो खळीची बादली घेऊन गेला. मला फार बरे वाटले. ते मी लपवणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही जुन्या सीडीत माझ्यासारखे कोणी असेल. ते वाचणारी बोटे आहेत तोवर नव्या रूपात उतरवून घ्या. वाट पाहणाऱ्याचा राग वाढतच जातो.

रिताने मला आजच्या अक्षरांत पुन्हा टाईप केले. शेवटी आनंदाबाईंनी एक ओळ जास्तीची सांगितली : ‘हे नाटक पवनीच्या राजकुमारने चोरले होते.’

ती ओळ आता कोणत्याही मोबाईलवर उघडते.